चाकू दाखवायचा म्हणजे काय दाखवायचं?



सुरुवातीला एक खुलासा करतो. टेबलावर त्या पांढऱ्या रुमालाखाली एक चाकू आहे आणि शेजारी वाटीत लिंबं आहेत. आयोजकांनी मला दोनदा विचारलं, "हे लागेलच का?" लागेल. कशाला, ते शेवटी.

मला 'वस्तूंची समीक्षा' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी त्यातला फार छोटा कोपरा निवडलाय : हाताने घडवलेले चाकू, ते जमवणारे लोक, आणि हे लोक आपला शौक दुसऱ्याला दाखवतात तेव्हा नेमकं काय दाखवतात. मी स्वतः या लोकांपैकीच आहे. तेव्हा आज जी टीका करणार आहे तिचा बराचसा भाग घरचाच आहे असं समजा.

ज्याला 'कस्टम नाइफ' म्हणतात, म्हणजे एका कारागिराने एका गिऱ्हाइकासाठी केलेला चाकू, त्याचा आजचा शौक मुख्यतः अमेरिकेत वाढला. गोष्ट बॉब लव्हलेसपासून सांगायला हरकत नाही. 1953 साली हा माणूस व्यापारी जहाजावर खलाशी होता. न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात तो बो रँडल यांच्या हातचा चाकू घ्यायला गेला. दुकानदार म्हणाला, नऊ महिने थांबावं लागेल. लव्हलेस थांबला नाही. त्याने भंगारातून 1937 च्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगचं पोलाद मिळवलं आणि जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर स्वतःच चाकू केला. पुढे त्याच दुकानातून त्याचे चाकू विकले जाऊ लागले. आणि गंमत बघा, पुढे त्याच्या स्वतःच्या चाकूसाठी लोक वर्षानुवर्षं थांबू लागले.

लव्हलेसचा 'ड्रॉप पॉइंट' चाकू मी आधी फोटोतच पाहिला होता. पात्याची पाठ मुठीकडून टोकाकडे हळूहळू खाली उतरत जाते, त्यामुळे टोक पात्याच्या मध्यरेषेजवळ येतं. दिसायला देखणं आहेच. पण ते तसं का आहे? शिकारी जनावराचं पोट उघडतो तेव्हा टोक वर उचललेलं असेल तर आतडं फाटतं आणि मांस नासतं. टोक खाली असलं की ते सांभाळता येतं. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जातं, पण मागे मागे पातळ होत जातं, म्हणजे वजन हातात मागे ओढत नाही. मुठीत पोलाद आणि मायकार्टा यांच्या मध्ये लाल रंगाची एक बारीक पट्टी असते, ती त्याची खूण. माझ्या मते विसाव्या शतकात घडलेल्या उत्तम हत्यारांत या आकाराची गणना व्हायला हवी, आणि हे मत मी लाल पट्टीमुळे देत नाही.

आता संग्राहक हा चाकू कसा दाखवतो ते सांगतो. भाच्याकडे अटलांटाला गेलो होतो तेव्हा तिथला ब्लेड शो पाहिला. जूनमध्ये भरतो. लांबच लांब रांगांनी टेबलं, प्रत्येक टेबलामागे कारागीर स्वतः उभा. तिथले रीतिरिवाज मला आवडले. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. देणारा मूठ तुमच्याकडे करून देतो. पात्याला बोट लावायचं नाही, कारण घामाने साधं पोलाद गंजतं. अंगठ्याने धार बघायची नाही. घडीचा चाकू खटाखट उघडबंद करायचा नाही. एखाद्या घरी देवाची मूर्ती हातात द्यावी इतक्या जपून देतात. ज्या कारागिरांना मागणी फार, त्यांच्या टेबलावर डब्यात नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि सोडतीत नाव निघालं तरच चाकू विकत घ्यायचा हक्क मिळतो. (हशा) हो, पैसे द्यायचा हक्क.

पण दोन दिवस कान देऊन ऐकल्यावर लक्षात आलं की टेबलाच्या अलीकडे, म्हणजे आमच्या बाजूला, बोलणं तीन गोष्टींवरच चाललंय. कोणाचा आहे. केवढ्याला पडला. किती वर्षं थांबलास. टेबलाच्या पलीकडे दोन कारागीर एकमेकांशी बोलत होते ते सगळं वेगळं होतं : पाणी कितीला दिलंस, धारेमागे किती जाडी ठेवलीस, इथे पाटा का घसरला. आपल्या मराठीत पोलादाला 'पाणी देणं' म्हणतात, तापवून विझवण्याला, आणि या एका क्रियेवर सगळं ठरतं. पण पाणी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून संग्राहक त्यावर बोलत नाही. तो जे चकाकतं त्यावर बोलतो.

मीही तसाच होतो. या रुमालाखालचा चाकू मी चार वर्षं वाट बघून मिळवला, आणि नंतर सहा वर्षं त्याने काहीही कापलं नाही. मखमली पिशवी, त्यावर तेलाचा हलका हात, कपाट. पाहुणे आले की काढायचा, कारागिराचं नाव सांगायचं, किंमत 'सांगायची नाही' म्हणत म्हणत सांगायची. इंग्रजीत अशा चाकवाला तिजोरीतली राणी म्हणतात. नाव चपखल आहे.

एकदा कामानिमित्त कोल्हापूरला गेलो होतो, चाकू बरोबर होता. चपला करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराला मोठ्या हौसेने दाखवला. त्यांनी पॉलिशकडे पाहिलंच नाही. मूठ धरली, मनगट दोनतीनदा वळवलं, म्हणाले, "साहेब, कापतो कसा?" मला सांगता येईना. मग म्हणाले, "मूठ मागनं जाड हाय. दिसभर धरली तर हात भरून येतोय." त्यांच्या पुढ्यात रापी पडली होती, मुठीला चामड्याची पट्टी गुंडाळलेली.

आता हा प्रसंग मी पूर्वी सांगायचो तेव्हा त्यातून 'खरा जाणकार तो गरीब कारागीर' असं काहीतरी निघायचं. ते मला आता पटत नाही. त्यांचं मुठीबद्दलचं मत चूकच होतं. रापी पाटावर दाबून, पुढे ढकलून चालते. हा शिकारी चाकू मुठीत फिरवून, ओढून चालवायचा, ओल्या हाताने, आणि मागची जाडी हात घसरू नये म्हणून आहे. त्यांनी एका कामाचं माप दुसऱ्या कामाला लावलं. पण त्यांना एक मत होतं आणि ते हाताला जाणवलेल्या गोष्टीवर उभं होतं. चूक असलं तरी त्याच्याशी वाद घालता येतो. माझ्याकडे वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं, नुसती एक पावती होती.

हीच गोष्ट अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत फार स्वच्छ दिसते. ही संस्था 1976 साली बिल मोरान यांनी स्थापन केली. तिथे 'जर्नीमन' व्हायचं तर स्वतः ठोकून घडवलेलं पातं घेऊन यायचं. पहिल्यांदा एक इंच जाडीचा टांगलेला दोर एका घावात तोडायचा. मग त्याच धारेने दोन-बाय-चारचं लाकूड दोनदा आरपार तोडायचं. त्यानंतर, धार न लावता, हातावरचे केस भादरून दाखवायचे. आणि शेवटी पातं शेगड्यात आवळून नव्वद अंशांपर्यंत वाकवायचं, तुटता कामा नये. 'मास्टर' व्हायला हेच सगळं, पण किमान तीनशे थरांच्या दमास्कस पात्याने.

बघा काय होतं. जे पातं आपला सगळा गुण सिद्ध करतं ते परीक्षा संपेपर्यंत कामातून गेलेलं असतं. ते कोणाच्या संग्रहात देखणी वस्तू म्हणून बसू शकत नाही. त्यानंतर परीक्षकांपुढे पाच वेगळे चाकू ठेवायचे, ते सफाई आणि रेखीवपणासाठी. संग्राहकाला मिळतात ते या पाचांसारखे. म्हणजे आम्ही नेहमी वाकलेल्या पात्याचं धाकटं भावंडं विकत घेतो, आणि थोरल्यावर विश्वास ठेवून. यात वाईट काही नाही. पण हे आम्ही एकमेकांना सांगत नाही.

मोरान यांच्याकडे परत येतो, कारण माझ्या मते शौक वाटून घेणं म्हणजे काय याचं उत्तर त्यांनीच दिलंय. 1973 साली चाकू-कारागिरांच्या गिल्डच्या प्रदर्शनात त्यांनी आपले दमास्कस चाकू मांडले. वेगवेगळ्या पोलादांच्या पट्ट्या एकावर एक ठेवून, भट्टीत तापवून, घणाने ठोकून एकजीव करायच्या, पुन्हा दुमडायच्या, आणि शेवटी आम्लात बुडवलं की थरांची लहरदार नक्षी उठते. अमेरिकेत हे काम जवळजवळ थांबलं होतं. त्यांना ते गुपित म्हणून ठेवता आलं असतं. त्यांनी चाकवांबरोबर एक पुस्तिका फुकट वाटली, हे कसं केलं ते सांगणारी.

त्यांच्यावर एक आक्षेप मात्र नोंदवतो. 'दमास्कस' हे नाव त्यांनी सैल हाताने वापरलं. इतिहासातल्या ज्या दमास्कस पात्यांची ख्याती आहे त्यांतली बरीच मुशीत वितळवलेल्या पोलादाची होती, आणि ते वूट्झ पोलाद दक्षिण भारतातून पश्चिम आशियात जात असे. त्याची नक्षी थर ठोकून येत नाही, ती पोलाद थंड होताना आतच तयार होते. दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका नावाखाली गेल्या आणि आज प्रदर्शनात उभा राहिलेला भारतीय माणूस 'हे आमचंच' म्हणून छाती फुगवतो, ती थरांच्या पात्यापुढे. मीही फुगवलीय.

आपल्याकडे पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी हजारो वस्तू जमवल्या आणि सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तिथले अडकित्ते पाहिलेत ना? घोडेस्वार, पोपट, काय काय. एवढं जमवून देऊन टाकणं यापुढे मी हात जोडतो. तरी काचेपुढे उभं राहिलं की मला एकच चुटपुट लागते : यातला कुठला अडकित्ता सुपारी बारीक कातरायचा आणि कुठला नुसता फोडायचा? पाटीवर ते नसतं. फोटोतही नसतं. आज चाकवांचा सगळा व्यवहार फोटोवर चालतो, आणि फोटोत धारेमागची जाडी दिसत नाही, मुठीत कुठे टोचतं ते दिसत नाही. म्हणून कारागीरही हळूहळू फोटोत दिसेल तेच करायला लागलेत. हा दोष त्यांचा कमी, आमचा जास्त.

बरं, प्रश्न घेऊ.

श्रोता : असा चाकू भारतात ठेवायला परवाना लागतो का?

नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा असेल, आणि घरकाम, शेती, उद्योग वगैरेसाठी नसेल, तर शस्त्र नियमांत येतो. माझा पावणेचार इंचांचा आहे. पण खिशात घालून हिंडू नका, पोलिसांना मापं सांगत बसावं लागेल.

श्रोता : लिंबाने पातं डागाळत नाही का?

डागाळतं. साधं कार्बन पोलाद आहे, लिंबाच्या रसाने करडे डाग पडतात आणि ते जात नाहीत. मघाशी आयोजकांना हेच सांगत होतो. इकडे रांग लावा. पाटावर लिंबू ठेवून ओढून कापा, दाबू नका, आणि मूठ मागे जाड वाटते का ते मला सांगा. कापून झालं की त्या रुमालाला पुसायचा आणि पुढच्याला देताना मूठ त्याच्याकडे करायची.