निसर्ग कोणाच्या सवडीचा?

दलित कवितेत निसर्ग नाही, हा आक्षेप पांढरपेशी अभिरुचीत वर्षानुवर्षे घोळत आला आहे. आमच्यातल्या काहींनी तर तो भूषण म्हणून मिरवला. फुले, चंद्र, चांदणे हे पोट भरलेल्यांचे चोचले. आमचे काम नकाराचे! मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. निसर्ग पाहायला सवड लागते आणि आमच्या माणसाजवळ ती नाही, हे दोघांनीही गृहीत धरले आहे.

सवड नाही हे खरे. पण म्हणून पाहणे थांबलेले नाही. मी भिवंडीत राहतो. इथले यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात. सकाळी पाळी सुटायच्या वेळी झरोक्यातून उन्हाची तिरीप लुमावर पडते आणि तिच्यात रुईचे बारीक तंतू सोन्यासारखे तरंगताना दिसतात. रात्रभर उभा असलेला कामगारही क्षणभर तिकडे बघतो. तेच तंतू श्वासाबरोबर त्याच्या छातीत उतरतात. कापसाच्या धुळीने जडणाऱ्या या रोगाला वैद्यक ‘बिसिनोसिस’ म्हणते. मग हे सौंदर्य कोणत्या खात्यावर मांडायचे? बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. तिरिपेतल्या तंतूंची लय त्या मापाने मोजता येईल. छातीतली घरघर मात्र मापाबाहेरच राहते.

पहाटे रस्ता झाडणारी बाई घ्या. शहरातला सूर्योदय रोज न चुकता तीच पाहते. मे महिन्यात गुलमोहराखाली पडलेला सडा गॅलरीतल्या माणसाला गालिचा वाटतो. तिच्या पाटीत तो ओझे होतो. पण तिला तो लाल रंग दिसतच नाही असे समजणे हा तिचा अपमान आहे. तिला रंगही दिसतो आणि ओझेही कळते. गॅलरीतल्या माणसाला त्यातले अर्धेच दिसते.

पाण्याचे तसेच. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. ज्यांना पाण्याला हात लावण्याचा हक्क लढून मिळवावा लागला, त्यांच्या लेखी पाणी हा नुसता देखावा कसा असेल? आमच्या भिवंडीच्या कामवारी नदीत कारखान्यांचे सांडपाणी मिसळत आले आहे. नाल्याला आलेला रंग लांबून डोळ्यांना सुखावतो. आमच्या नजरेने तिथे विचारले पाहिजे, हा रंग कोणी सोडला?

बालकवींना (1890–1918) मी नाकारत नाही. त्यांची नजर अस्सल होती आणि आयुष्य काही सुखवस्तू नव्हते. तेव्हा सौंदर्यदृष्टी ही सुबत्तेची मिरास आहे, हे म्हणणे त्यांच्याच उदाहरणाने कोसळते. उलट आमच्या बाजूलाही पाहू. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (1972) मधले सूर्यफूल अंधाराकडे पाठ फिरवून उजेडाकडे वळण्यासाठी येते. ती इतिहासाची गरज होती. पण पुढे त्या सूर्याचे इतके अनुकरण झाले की तो गुळगुळीत नाण्यासारखा हातोहात फिरू लागला. प्रतीकातला सूर्य उगवत राहिला, झरोक्यातला रोजचा सूर्य कवितेबाहेरच राहिला. हे आमचे नुकसान आहे.

सवड ही काही दैवाची देणगी नव्हे. 1946 मध्ये, बाबासाहेब मजूर खाते सांभाळत असताना, कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. त्या सहा तासांत झोप होती, मुलांचा अभ्यास होता आणि आभाळाकडे बघणेही होते. भिवंडीची बारा तासांची पाळी आजही त्या आकड्याला हसते आहे. म्हणून तासांची लढाई ही सौंदर्याचीही लढाई आहे, असे मी मानतो.

लिहिणाऱ्या मित्रांना एवढेच सांगायचे आहे. निसर्ग त्यांना बहाल करून टाकू नका. तिरीप लिहा, तंतूही लिहा. गुलमोहर लिहा आणि पाटीचे वजनही लिहा. एकासाठी दुसरे गाळाल, तर ती कविता आपल्या माणसाच्या डोळ्यांनी लिहिलेली असणार नाही.