प्राचीन इतिहासाची नियतकालिके : फुकट, पण खुली आहेत का?

सीबीडी बेलापूरमधील एका शाळेत कार्बन कालमापनावर बोलायला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंनी थांबवून विचारले, "राखीगढीच्या सांगाड्याबद्दल मुले विचारतात. एका वर्तमानपत्रात एक छापून येते, दुसऱ्यात त्याच्या नेमके उलट. मी वर्गात काय सांगू?" आम्हा संशोधकांचे ठरलेले उत्तर मी दिले : मूळ शोधनिबंध वाचा. त्यावर बाई म्हणाल्या, "तो मला मिळेल का? आणि मिळाला तरी त्यातले खरेखोटे मला तपासता येईल का?"

बाईंचे हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. आजकाल 'ओपन अ‍ॅक्सेस' म्हणजे सर्वांना विनामूल्य वाचता येणाऱ्या नियतकालिकांचा बराच गाजावाजा होतो. पण त्यात पहिल्या प्रश्नाचाच विचार केलेला असतो. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणारी नियतकालिके थोडी आहेत. या लेखात प्राचीन इतिहासाच्या नियतकालिकांकडे या दोन्ही प्रश्नांच्या अंगाने पाहू.

आधी राखीगढीचेच उदाहरण घेऊ. हरियाणातील या हडप्पाकालीन स्थळाबद्दलचा वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा निबंध सप्टेंबर २०१९मध्ये 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो आज महाजालावर पैसे न देता वाचता येतो. तो उघडला की वर्तमानपत्रांनी न सांगितलेल्या गोष्टी समोर येतात. संशोधकांनी ६१ नमुने तपासले आणि त्यांतील एकाच व्यक्तीच्या, एका स्त्रीच्या, सांगाड्यातून पुरेसे जनुकद्रव्य मिळाले. तिच्यात स्टेपच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही. त्याच सुमारास 'सायन्स'मध्ये आलेल्या निबंधानुसार हा अंश इ.स.पू. २००० ते १५०० या काळात भारतीय उपखंडात आला. म्हणजे दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले तर त्यांत भांडण नाही. भांडण मथळ्यांत आहे. शिवाय मूळ जनुकीय माहिती सार्वजनिक भांडारात ठेवलेली असल्यामुळे जगातील कोणत्याही प्रयोगशाळेला ती पुन्हा पडताळता येते. इथे बाईंच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असे येते. दुर्दैवाने प्राचीन इतिहासावरील फार थोड्या निबंधांबद्दल असे म्हणता येईल.

हे नेहमी असेच होते का? त्यासाठी थोडे मागे, आणि बेलापूरहून खाडीपलीकडे मुंबईत जावे लागेल. १८७२ साली जेम्स बर्जेस यांनी मुंबईत 'इंडियन अँटिक्वेरी' हे मासिक सुरू केले. ते सरकारी नव्हते. बर्जेस यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर चालवले. पुढे १८८५पासून फ्लीट आणि टेम्पल यांनी त्याची धुरा घेतली आणि १९३३पर्यंत ते चालले. या मासिकात मोठमोठ्या पंडितांचे लेख आहेत, पण त्याचबरोबर मुंबई इलाख्यात नोकरी करणारे डब्ल्यू. एफ. सिंक्लेअर यांच्यासारखे अधिकारी फिरतीवर दिसलेल्या गोष्टींची टिपणेही त्यात छापत. एकाने शंका विचारायची, दुसऱ्याने पुढे कधीतरी उत्तर द्यायचे, असा व्यवहार त्यात चाले.

या मासिकाच्या १८७७च्या खंडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा जुन्या नागरी अंकांवरचा लेख आहे. भगवानलाल जुनागढचे, पण त्यांचे काम मुंबईत, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात घडले. त्यांचे लेखन गुजरातीत असे आणि ते इंग्रजीत आणण्याचे काम इतर विद्वान करीत. १८८०मध्ये याच मासिकात आलेले नेपाळचे शिलालेख ब्यूलर यांनी गुजरातीतूनच भाषांतरित केले आहेत. अंकांवरच्या लेखात भगवानलाल यांचे म्हणणे असे, की जुनी अंकचिन्हे मुळात अक्षरे आहेत. त्याला जोडूनच ब्यूलर यांचे टिपणही छापले आहे. भगवानलाल यांचे ते मत आजचे बरेच अभ्यासक जसेच्या तसे मान्य करीत नाहीत. तरीही लेख निरुपयोगी झाला नाही, कारण निष्कर्षाबरोबर चिन्हेही वाचकापुढे ठेवलेली आहेत. मत चुकले तरी पुरावा हाती राहतो. विज्ञानाच्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको. प्रयोगवहीत आपण आधी निरीक्षणे लिहून घेतो आणि मग अनुमान, ते याचसाठी.

अर्थात त्या मासिकाचे गोडवेच गायला नकोत. त्याची भाषा इंग्रजी होती आणि ज्यांच्या गावातील दगड त्यात छापले जात त्यांच्यापर्यंत ते पोचत नव्हते. वंश, जाती यांबद्दलची त्यातील अनेक विधाने आज वाचवत नाहीत. आता त्याचे जुने खंड महाजालावर फुकट मिळतात, पण तिथेही एक गोम आहे. यंत्राने भराभर पाने टिपताना घडी घातलेले मोठे तक्ते बरेचदा न उलगडताच टिपले जातात आणि शिलालेखांचे ठसे काळे डाग होऊन बसतात. लेख वाचता येतो, पण ज्याच्यावर तो उभा आहे तो पुरावा दिसत नाही. ही प्रत फुकट असली तरी खुली नाही.

दुसरे उदाहरण माझ्या विषयाच्या जवळचे आहे. १९६०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-१४ कालमापनाची प्रयोगशाळा चालत असे. 'टीएफ' ही अक्षरे आणि पुढे क्रमांक, अशी तिच्या नमुन्यांची खूण. नेवासे, इनामगाव अशा महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन स्थळांच्या कालमापनात या प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. तिने आपल्या तारखांच्या याद्या 'रेडिओकार्बन' या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्यांत नमुना कुठला, कोणत्या थरातला, कशाचा, त्याचे वय किती आणि त्यात चुकीची शक्यता किती, हे सारे दिलेले असे.

याचा उपयोग काय? समजा, एका कोळशाचे वय ३००० अधिक-उणे १०० वर्षे आले. हे वय काढताना कार्बन-१४चा अर्धायुकाल ५५६८ वर्षे धरला आहे. नंतरच्या मोजणीनुसार तो ५७३० वर्षे आहे. तो वापरला तर तेच वय सुमारे ३०८७ होते. शिवाय हवेतील कार्बन-१४चे प्रमाण सर्व काळात सारखे नव्हते, असे झाडांच्या वार्षिक कड्यांवरून कळले. त्यानुसार दुरुस्ती करायची तर पुन्हा ५५६८च्या हिशोबाने काढलेल्या मूळ वयापासूनच सुरुवात करावी लागते. ३००० वर्षांचे वय १९५०पासून मागे मोजून इ.स.पू. १०५० असे सरळ मांडता येईल, पण दुरुस्तीनंतर ते दीड-दोनशे वर्षे मागे जाते. आता एखाद्या लेखात नुसते 'इ.स.पू. १०५०' छापले असेल तर? कोणता अर्धायुकाल धरला, दुरुस्ती केली की नाही, चूक किती, काहीच कळणार नाही. तो आकडा मेलेला आकडा आहे. जुन्या याद्यांतील आकडे मात्र साठ वर्षांनंतरही नव्या आलेखावर बसवता येतात.

आजही प्राचीन इतिहासावरील लेखांत, विनामूल्य नियतकालिकांतसुद्धा, असे मेलेले आकडे पुष्कळ आढळतात. प्रयोगशाळेचा क्रमांक नाही, थराची आकृती नाही, छायाचित्रात मोजपट्टी नाही. माझी या नियतकालिकांबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. संपादक मंडळी दार उघडे ठेवण्यावर मेहनत घेतात, पण आत काय ठेवायचे याचा आग्रह धरीत नाहीत.

आता पैशांचा प्रश्न. नियतकालिक वाचकाला फुकट असले म्हणजे ते फुकटात निघते असे नाही. लेख परीक्षकांकडे पाठवणे, संस्कृत-प्राकृत शब्दांची अक्षरे नीट बसवणे, नकाशे काढणे, महाजालावरील जागा टिकवणे, या सगळ्याला माणसे आणि पैसा लागतो. हा खर्च कोण करणार, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. एक मार्ग लेखकाकडून पैसे घेण्याचा. 'नेचर' या नियतकालिकाने असे शुल्क ९,५०० युरो जाहीर केले, म्हणजे तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक. इतिहासाच्या नियतकालिकांचे शुल्क इतके नसते. पण गावोगाव फिरून वीरगळांची नोंद करणाऱ्या निवृत्त शिक्षकाला त्याचा दहावा हिस्साही परवडणार नाही. वाचकासाठी दार उघडले आणि लेखकासाठी लावून घेतले, असा हा प्रकार होतो.

या मार्गाचा दुसरा धोका आपल्याकडे चांगलाच दिसला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. २०१८ साली भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या, त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर आयोगाने नवी यादी केली आणि २०२५मध्ये तीही बंद करून दर्जा पारखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपवली. म्हणजे पारख आता वाचकालाच शिकावी लागणार.

दुसरा मार्ग मोठ्या प्रकाशकाशी करार करण्याचा. १९६६पासून निघणारे 'इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स' हे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे नियतकालिक अनेक वर्षे कोणालाही पैसे न देता वाचता येत होते. आर्यभटापासून धातुविद्येपर्यंतचे कितीतरी लेख शिक्षकांनी तिथून घेतले असतील. २०२१पासून ते स्प्रिंगर या प्रकाशकामार्फत निघते आणि नव्या लेखांपैकी बरेचसे वर्गणीच्या कुंपणामागे आहेत. त्याची छपाई सुबक झाली, जगभर नाव पोचले, हे खरे. पण सरकारी पैशावर चाललेल्या अकादमीने आपल्याच देशातील वाचकाला बाहेर उभे करावे, हे मला पटत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीनेही २००७पासून याच प्रकाशकाशी करार केला, पण स्वतःच्या संकेतस्थळावर लेख खुले ठेवले. तेव्हा करार करूनही दार उघडे ठेवता येते.

'एक देश, एक वर्गणी' या योजनेने हा प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आहेत, सुमारे १३,००० नियतकालिके आहेत आणि ६,३००च्या आसपास संस्था आहेत. पण या संस्था म्हणजे सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. शाळा त्यात नाहीत. बेलापूरच्या त्या बाई अजून बाहेरच आहेत.

तिसरा मार्ग संस्थेने खर्च सोसायचा आणि लेखक-वाचक दोघांनाही फुकट ठेवायचे. तत्त्वतः हाच चांगला. पण त्यातही टिकण्याची अडचण असते. एखादा उत्साही प्राध्यापक निवृत्त होतो, संकेतस्थळाचे पैसे भरायचे राहतात आणि सगळे अंक नाहीसे होतात. २००० ते २०१९ या काळात जगभरातील १७४ खुली नियतकालिके महाजालावरून अशी नाहीशी झाल्याचे एका अभ्यासात आढळले. बर्जेस यांचे मासिक बंद पडून नव्वद वर्षे झाली तरी त्याचे कागद वाचनालयांत शाबूत आहेत. कागदाची ही सोय आपण विसरता कामा नये. खुल्या नियतकालिकाने आपल्या प्रती दोन-तीन स्वतंत्र ठिकाणी जपण्याची व्यवस्था पहिल्या अंकापासून करायला हवी.

मग शिक्षकांनी काय करावे? एखादा लेख हाती आला की पाच प्रश्न विचारून पाहावेत. संपादकांची नावे आणि पत्ता दिला आहे का? तारीख असेल तर प्रयोगशाळेचा क्रमांक आणि चुकीची मर्यादा आहे का? शिलालेख असेल तर नुसते वाचन आहे की ठसाही आहे? विरुद्ध मताचा उल्लेख आहे का? आणि चूक कळल्यास दुरुस्ती छापण्याची सोय आहे का? हे प्रश्न नववीची मुलेसुद्धा विचारू शकतील. एकाच विषयावरची बातमी आणि निबंध समोर ठेवून वर्गात हा खेळ जरूर करून पाहा.

आणि संपादकांनी काय करावे? माझ्या मते प्रत्येक लेखाबरोबर एक पान मराठीत, किंवा ज्या भागातील पुरावा आहे तिथल्या भाषेत द्यावे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने इतिहाससंशोधन मराठीत उत्तम करता येते हे कधीच दाखवून दिले आहे. नेवाशाच्या कोळशाची तारीख नेवाशाच्या शिक्षकाला वाचता येऊ नये, याला काही कारण नाही.

त्या बाईंना मी राखीगढीचा निबंध पाठवला. आठवड्याने त्यांचा निरोप आला : "निबंध सगळा कळला नाही, पण ६१ पैकी १ हे कळले. मुलांना तेच सांगितले. एका मुलीने विचारले, उरलेल्या ६० जणांचे काय?"

हा प्रश्न ज्या नियतकालिकाला विचारता येतो आणि ज्यात त्याचे उत्तर शोधता येते, त्यालाच खुले म्हणावे.