चरित्रांतल्या मावशी

फराळाचे डबे भरून झाले की दरवर्षी एखादे जुने पुस्तक पुन्हा वाचावयास घ्यावे, असा माझा परिपाठ आहे. यंदा दोन घेतली. एक काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र, १८८९ सालचे. दुसरे श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी, १९६८ सालची. ही निवड वाङ्मयप्रेमापोटी केली असे म्हणता आले असते, परंतु खरे कारण निराळे आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी मला बोलली.

ही मुलगी आमच्या सोलापूरची. परिचारिकेचे शिक्षण घेऊन पुण्यास नोकरीला लागली. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा तिने माझी कादंबरी वाचली होती. त्या कादंबरीची नायिका नेमणुकीचे पत्र पदरात घेऊन पहाटे सोलापूर स्टेशनावर हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसते, गाडी सुटते, आणि मी 'समाप्त' लिहिते. या शेवटाचा मला, खरे सांगते, थोडा अभिमान होता. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमची पोरगी गाडीत बसली आन् तुम्ही पुस्तक मिटलं. पुण्यात तिला उतरवून घ्यायला कोण आलं होतं?"

मला उत्तर देता आले नाही. मग म्हटले, आपल्या थोरांनी काय केले ते तरी पाहावे.

आनंदीबाईंची कथा मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? पोस्टातल्या कारकुनाची बायको १८८३ साली एकटी अमेरिकेस जाते, ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर होते, मायदेशी येते आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात मरण पावते. 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी मी अनेकदा वाचली, आणि दर वेळी गोपाळरावांनी मला धरून ठेवले. हट्टी, तऱ्हेवाईक, उदार आणि क्रूर, असा नवरा मराठी कादंबरीत क्वचितच उतरला असेल. त्यात लेखकाचे यश आहे, आणि माझी तक्रारही तिथेच आहे. कादंबरीचा सारा जीव नवराबायकोच्या ओढाताणीत गुंतला आहे. २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट आला, तोही याच वाटेने गेला. बायकोला शिकविणारा नवरा हा आपल्या वाचकांचा फार लाडका. काशीबाई मात्र त्या नवऱ्याच्या मारझोडीवर पांघरूण घालीत नाहीत. लाकडे, खुर्च्या, पुस्तके, काय काय त्या पोरीच्या अंगावर आले, ते तिच्याच पत्रांतून त्या वाचकांपुढे ठेवतात. हे धैर्य त्या काळी एका बाईने दाखवावे, याचे मला प्रत्येक वाचनात नवल वाटते.

परंतु मला हवी असलेली व्यक्ती या दोन्ही पुस्तकांत कडेला उभी आहे. ती म्हणजे न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर. या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर एक मासिक पडले होते, त्यात गोपाळरावांच्या पत्रव्यवहाराची हकीकत होती. ती वाचून या अनोळखी बाईने हिंदुस्थानात पत्र धाडले. पुढे जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्या थेट यांच्या घरी गेल्या आणि यांना 'मावशी' म्हणू लागल्या. कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी शिष्यवृत्तीची सोय केली. पण शिष्यवृत्तीने फी भागते, खोली ऊबदार होत नाही. फिलाडेल्फियातील त्यांच्या खोलीची शेगडी धूर ओकी. धूर सोसावा की थंडी, एवढीच काय ती निवड. त्या पोरीची प्रकृती कशाने खालावली याचा विचार करताना मला तरी गोपाळरावांच्या स्वभावाइतकीच ती शेगडीही आठवते. कादंबरीकाराने त्या शेगडीला एक सबंध प्रकरण द्यावयास हवे होते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जागा आनंदीबाईंची वाट पाहत होती. तिथे त्या रुजू होऊच शकल्या नाहीत. आपल्या पहिल्या डॉक्टरणीच्या चरित्रात नोकरीचा पहिला दिवस नाही, आणि पुढच्या लेखकांनी (माझ्यासारख्या किरकोळांनीसुद्धा) जणू तीच रीत मानली. पदवी मिळाली, की पडदा!

रमाबाई रानड्यांचेच पाहा. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचे पुस्तक कितीही वेळा वाचावे, त्यातला गोडवा कमी होत नाही. पण ते १९०१ साली, न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबते. पुण्यातील सेवासदन १९०९ चे. तरुण विधवांनी परिचारिका व्हावे, त्यांच्या शिक्षणाची नि राहण्याची सोय असावी, म्हणून रमाबाईंनी जे कष्ट उपसले ते सारे या शेवटच्या पानानंतरचे. एका समारंभात केशवपन केलेली एक विधवा परिचारिका बक्षीस घेण्यास व्यासपीठावर चढली, तेव्हा सज्जातल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाईंनी शेवटच्या भाषणात त्या शिकलेल्या मुलांची चांगलीच कानउघाडणी केली. हा प्रसंग त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून उतरला असता तर! पतीच्या आठवणी लिहिणे त्यांना कर्तव्य वाटले, स्वतःच्या कामाचे मात्र त्यांनी पुस्तक केले नाही. आमच्या सोलापुरातही सेवासदनाची शाळा आहे. तिच्यावरून जाताना ते न लिहिलेले पुस्तक मला हटकून आठवते.

आता माझ्या विद्यार्थिनीची हकीकत. ज्या खाजगी रुग्णालयात ती लागली तिथे मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली, पहिले दोन महिने पगार दिला नाही. खोलीवाल्याने अनामत मागितली. सोबत नेलेल्या कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीवर तिने अकरा दिवस काढले. रडू आले तरी घरी फोन केला नाही, कारण वडील "परत ये" म्हणाले असते. बाराव्या दिवशी वॉर्डातल्या आयाबाईंनी तिचा डबा उघडून पाहिला आणि संध्याकाळी आपल्या दोन खोल्यांच्या घरी नेले. तिथे ती पाच महिने राहिली. प्रमाणपत्रे परत कशी मागावीत, कोणासमोर आवाज चढवावा, कोणासमोर नाही, हे त्याच बाईंनी शिकविले. माझ्या सबंध कादंबरीत अशी बाई नाही. हुशार मुलगी, करारी आई, विरोध करणारा काका, सारे आहेत. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी एक प्रकरण लिहावयास घेतले आहे, पण त्या आयाबाईंचे बोलणे अजून नीट साधत नाही. माझ्या हातून त्या फार शहाण्यासारख्या बोलतात.

यंदा भाऊबीज झाली की आमच्या शाळेतली आणखी एक मुलगी त्याच गाडीने निघणार आहे. तिला घ्यायला फलाटावर कोण येणार, हे या खेपेस मी आधीच विचारून ठेवले आहे.