रंगमंचासमोरील जागा : स्त्रीवादी व क्विअर पंक सादरीकरणाचा चिकित्सक विचार

पंक संगीताची समीक्षा बहुधा गीतांचे शब्द व ध्वनिमुद्रिका यांच्या आधारे केली जाते. अमेरिकेतील स्त्रीवादी व क्विअर पंक बँडच्या संदर्भात ही पद्धती अपुरी पडते. त्यांच्या कलेचा आशय गीतांत जेवढा आहे, तेवढाच सभागृहातील जागेच्या मांडणीत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१९८० च्या दशकातील हार्डकोर पंक कार्यक्रमांत रंगमंचासमोरील जागा प्रामुख्याने तरुण पुरुषांच्या धक्काबुक्कीच्या नृत्याने व्यापलेली असे; स्त्रिया बहुधा कडेला वा मागे उभ्या राहत. प्रस्थापितांविरुद्ध बंड पुकारणाऱ्या या संगीतातही लिंगभावाची उतरंड अबाधित होती. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘बिकिनी किल’ने नेमके यावर बोट ठेवले. गायिका कॅथलीन हॅना मुलींना पुढे येण्याचे आवाहन करीत. गीतांचे कागदही मुलींच्या हाती देत. २० ऑगस्ट १९९१ रोजी ऑलिंपियातील ‘इंटरनॅशनल पॉप अंडरग्राउंड’ संमेलनाची पहिली रात्र स्त्री-कलावंतांच्या सादरीकरणासाठी ठेवण्यात आली. या बँडच्या अनघड वादनाला अनेकदा दोष दिला जातो. तथापि, नवशिक्या मुलीलाही ‘हे मला जमेल’ असे वाटावे, हे त्या अनघडपणाचे प्रयोजन होते, हे विसरून चालणार नाही.

१९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘टीम ड्रेश’ या क्विअर बँडने हा विचार पुढे नेला. त्यांच्या कार्यक्रमांत स्वसंरक्षणाची प्रात्यक्षिके होत. जागा मागणे आणि ती राखण्यास शिकणे, या दोन भिन्न पायऱ्या आहेत. दुसरी पायरी सभागृहाबाहेरच्या रस्त्यावरही उपयोगी पडते.

मात्र या मांडणीची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. ‘पुढे कोण’ हा प्रश्न विचारताना ‘आत कोण’ हा प्रश्न दुर्लक्षित राहिला. ही चळवळ बव्हंशी गौरवर्णीय होती. मिमी थी न्गुयेन यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ‘एव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट’ने पंकमधील वर्णभेदाला वाचा फोडली. न्यूयॉर्कमध्ये टमार-काली व त्यांच्या सहकारी कृष्णवर्णीय कलावतींनी ‘सिस्टा गर्ल रायट्स’ या नावाने स्वतंत्र कार्यक्रम उभारले. ही टीका पंकच्या आतूनच झाली, हे लक्षणीय आहे. शिवाय, ‘मुली’ कोणाला म्हणावे हे दिसण्यावरून ठरू लागले, तर ट्रान्स व्यक्ती पुन्हा भिंतीलगतच उभी राहते.

‘बिकिनी किल’ २०१९ मध्ये हॉलिवूड पॅलॅडियमसारख्या भव्य प्रेक्षागृहात पुन्हा अवतरले. लहान सभागृहात एका हाकेने बदलणारी मांडणी तेथे तितक्याच सहजतेने बदलेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच अशा सादरीकरणाचे मूल्यमापन करताना समीक्षकाने रंगमंचाकडे पाहावेच; परंतु पाठ वळवून भिंतीकडेही पाहावे. तेथे अद्याप कोण उभे आहे, यावरच त्या बंडाची खरी व्याप्ती ठरते.