सुपारीची प्रेरणा

आजचा विषय ऐकून दोघातिघांनी आम्हाला हसत विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला कंपन्यांच्या वार्षिक दिनाशी काय देणंघेणं? आहे देणंघेणं. बोलण्याचे पैसे घ्यावेत का, आणि घेतले तर बोलण्याचं काय होतं, हा आमच्या विषयातला जवळजवळ अडीच हजार वर्षांचा वाद आहे. तो आता डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात शनिवार-रविवारी पुन्हा उभा राहतो. तिथे स्पीकरचा आवाज इतका मोठा असतो, की वाद चालू आहे हे कुणाला ऐकूच येत नाही.

हे कार्यक्रम तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. कुणी पाहुणे म्हणून, कुणी वाढपी म्हणून, कुणी मागच्या रांगेतले कामगार म्हणून. बस येते. फाटकापाशी तारपा वाजतो, पाहुण्यांना टिळा लागतो. दीपप्रज्वलन, मोठ्या साहेबांचं भाषण, मग बाहेरून आणलेले प्रेरणादायी वक्ते. जेवण. दुपारी निवेदक खेळ घेतो, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा किंवा डीजे. फुगे डहाणूतलेच असण्याची शक्यता बरीच, कारण फुग्यांचे कारखाने इथेच आहेत. बाकी बहुतेक गोष्टी बाहेरच्या, तारपा सोडून.

आपल्या भाषेत या आगाऊ ठरवण्याला 'सुपारी' म्हणतात. तमाशाच्या फडाची सुपारी, बँडची सुपारी. आता हाच शब्द माणूस मारण्याच्या कंत्राटालाही चिकटला आहे, ते जरा बाजूला ठेवू. सुपारी घेणं हे मुळात हलकं काम नाही. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रेचे पंच येतात, फड बघून घासाघीस करून सुपारी देतात. पैसा गावच्या वर्गणीचा, आणि तमाशा बघणारही तेच गाव. फड पडला तर पंचांना गावात तोंड दाखवायला जागा नाही. हे ध्यानात ठेवा, याच्याकडे परत यायचं आहे.

आधी त्या प्रेरणादायी भाषणाकडेच समीक्षकाच्या नजरेने बघू. एखाद्या कवितेकडे बघतो तसं. कारण त्याच्याकडे असं कुणी बघत नाही. टाळ्या तरी वाजवतात किंवा नाक तरी मुरडतात. चिंचणी-डहाणूच्या पट्ट्यात दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादात एक नक्षी कोरली, की तिच्यातून एकसारखे नग निघत राहतात. कारागिराची ती करामत आहे. भाषणाच्या बाबतीत मात्र तीच गोष्ट दोष ठरते. गेल्या काही वर्षांत आम्ही अशी बरीच भाषणं ऐकली. वक्ते वेगळे, कंपन्या वेगळ्या, आणि डाय एकच.

उदाहरणार्थ, गरुड. गरुड चाळीस वर्षांचा झाला की म्हणे डोंगरावर जातो, दगडावर आपटून जुनी चोच मोडतो, नवी येईपर्यंत थांबतो, मग नख्या उपटतो, पिसं उपटतो आणि पुढे तीस वर्षं जगतो. हे साफ खोटं आहे. चोच मोडलेला गरुड उपाशी मरेल. दुसरा बेडूक. पाणी हळूहळू तापवलं तर त्याला कळतच नाही आणि तो शिजून मरतो. हेही खोटं, पाणी तापू लागलं की धडधाकट बेडूक उडी मारून बाहेर पडतो. तिसरा हत्ती. लहानपणी साखळीने बांधलेला, म्हणून मोठेपणी बारीक दोरखंडही तोडत नाही.

गोष्ट खोटी असण्याला आमची हरकत नाही. पंचतंत्रातले प्राणी तरी कुठे खरे आहेत? पण पंचतंत्रात सिंहाला ससा भेटतो, माकडाला मगर भेटते, कुणीतरी कुणाला तरी फसवतं, धाक घालतं, वाचवतं. तिथे व्यवहार आहे. या भाषणांतले प्राणी एकटे आहेत. गरुडाला पिल्लं नाहीत, बेडकाला दुसरा बेडूक नाही. आणि हत्तीच्या गोष्टीत सगळा दोष हत्तीच्या मनाचा. दोर बांधला कुणी, कशासाठी, त्याच्याकडून ओंडके कोण ओढून घेतं, हे विचारायचं नसतं. माहूत त्या गोष्टीत असूनही नसतो.

आता हीच गोष्ट कुणासमोर सांगितली जाते ते बघा. तलासरीतून पहाटे जीप, टेम्पो भरून माणसं अच्छाडची हद्द ओलांडून उंबरगाव, भिलाड, वापीच्या कारखान्यांकडे जातात. त्यांतली पुष्कळशी ठेकेदाराची माणसं. वार्षिक दिनाला त्यांनाही मागच्या खुर्च्यांवर बसवतात. समोरचा वक्ता सांगतो, तुमची मर्यादा तुमच्या डोक्यात आहे. त्या माणसाची मर्यादा डोक्यात नसते हो, ठेकेदाराच्या वहीत असते. पुढच्या महिन्यात आपलं नाव त्या वहीत आहे का, एवढाच त्याचा प्रश्न. आणि त्या दिवशी सभागृहात मनाई असते ती नेमकी याच प्रश्नाला.

म्हणून आम्हाला करमणूक करणारे अधिक प्रामाणिक वाटतात. मिमिक्री करणारा मिमिक्री करतो, गाणारा गातो. लोक हसतात, नाचतात, सुट्टीचा एक दिवस बरा जातो, आणि त्यात काही वाईट नाही. 'तुमचं आयुष्य बदलून दाखवतो' असं तो म्हणत नाही. प्लेटोने 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून भाषणकलेची तुलना स्वयंपाकाशी केली आहे. चमचमीत जेवण वाईट नाही. चमचमीत जेवण औषधाचं सोंग घेऊन आलं की घात होतो. आम्ही सॉक्रेटिसपेक्षा थोडे मऊ आहोत, आम्हाला चमचमीत आवडतं. पण पानात वाढून वर 'हे पथ्य आहे' असं सांगू नये.

मग दोष पैशाचा आहे का? सॉक्रेटिस पैसे घेत नसे, आणि घेणाऱ्या सोफिस्टांची प्लेटोने भरपूर टर उडवली. आम्ही स्वतः पगार घेऊन तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा त्या बाजूने बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. उलट त्या सोफिस्टांतल्या प्रोटॅगोरसची एक रीत आम्हाला फार आवडते. त्याने ठरवलेली फी शिष्याला जास्त वाटली, तर शिष्याने देवळात जायचं, या शिकवणीची किंमत आपल्या मते किती ते शपथेवर सांगायचं आणि तेवढेच पैसे ठेवायचे. म्हणजे किंमत ठरवणारा तो, ज्याने ऐकलं.

गाठ इथे आहे. कीर्तनकार बिदागी घेतो, पण आरतीच्या ताटात पैसे टाकणारे ऐकणारेच असतात. नारायणगावचं आत्ताच सांगितलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिथे कंटाळलेला श्रोता उठून घरी जाऊ शकतो. कंपनीच्या सभागृहात पैसे देणारा एक आणि ऐकणारा दुसरा. ऐकणाऱ्याने वक्ता निवडलेला नाही, त्याला उठून जाता येत नाही, आणि टाळ्या वाजवल्या नाहीत तर ते पुढच्या रांगेतून दिसतं. अशा ठिकाणी वक्ता कितीही सज्जन असला तरी त्याचं तोंड पुढच्या रांगेकडे वळतंच. वक्त्याच्या स्वभावापेक्षा त्या मांडणीतच हे आहे.

याच तालुक्यांत याच्या अगदी उलट घडून गेलं आहे. १९४५च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, असं ठरलं. लग्नाच्या कर्जापायी पिढ्यानुपिढ्या राबणारे लग्नगडी त्यात होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर पाड्यापाड्यांतून चालत गेले होते. ज्यांच्यापुढे बोलायचं त्यांच्याच झोपडीत उतरायचं, त्यांचंच खायचं. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला गोदावरीबाई येणार अशी वार्ता पसरली. लोक वाट बघत जमले, त्या काही आल्या नव्हत्या, आणि जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली. एका वक्त्याचं ऐकायला आलेली माणसं ती. हे सगळं गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं, त्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तलासरीच्या कॉलेजला आज त्यांचं नाव आहे. पुस्तकाचं नाव बघा. आजच्या एखाद्या प्रेरणादायी कार्यक्रमाच्या फलकावरही ते शोभून दिसेल. फरक एवढाच, की झरीला जागा झालेला माणूस सकाळी उठून जमीनदाराला नाही म्हणाला.

आता कुणी म्हणेल, सगळीकडे चळवळ कशी करणार? बरोबर. कंपनीने चळवळ करावी असं आमचं म्हणणंच नाही. वार्षिक दिन हा वार्षिक दिनच असावा. पण मग त्याला जागृती म्हणू नका.

राहिला तारपा. त्याचं आम्हाला जास्त लागतं. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. भात पिकू लागलं की नव्या धान्याच्या दिवसांत तो वाजतो, रात्र-रात्र. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कंबरेला हात घालून त्याच्याभोवती. तो वळेल तिकडे फेर वळतो, त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. त्या नाचाला प्रेक्षक असा वेगळा नसतोच. कंटाळलेला बाजूला बसतो, हुरूप आला की परत फेरात शिरतो. फाटकावरच्या स्वागतात हा फेर उलगडून त्याची सरळ ओळ करतात, सगळ्यांची तोंडं बसकडे. दहा मिनिटं, मग 'थांबा'.

मागे एका रिसॉर्टात आम्ही असंच एक पथक पाहिलं. सकाळचं स्वागत झाल्यावर संध्याकाळच्या फोटोंसाठी त्यांना सुरूच्या झाडांखाली बसवून ठेवलं होतं. वक्त्यांचं मानधन लेखी, निम्मं आगाऊ, गाडी आणि खोली वेगळी. पथकाचे पैसे मधल्या माणसाकडे, किती ते पथकातल्या पोरांना माहीत नाही. जेवण पाहुण्यांनंतर. निवेदकाने वक्त्यांचा परिचय चांगला पाच मिनिटं करून दिला. तारपा वाजवणाऱ्याचं नाव काही घेतलं नाही. आम्ही जाऊन विचारलं. नाव सांगून ते म्हणाले, "सर, भाताची कापणी राहिलीय, पण रोख पैसे मिळतात." हे 'पण' आम्ही खोडून काढणार नाही. रोख पैसा लागतो. परंपरेच्या शुद्धतेसाठी त्यांनी सुपारी नाकारावी, असं पेन्शन घेणाऱ्या माणसाने सांगू नये.

आणि जागा बदलली की कला बाटते, हेही खरं नाही. लग्नाचा चौक घराच्या भिंतीवर सवाशिणी काढत. तीच रेघ गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर, कापडावर नेली, तिला सबंध गाव, शेत, समुद्र दिला. १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ला पद्मश्री. २०१८ साली ते गेले. चित्र भिंतीवरून उठलं तरी म्हसे म्हणून उठलं. काय काढायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं, आणि खाली नाव होतं. फाटकावरच्या तारपावादकाला या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

गंमत अशी, की कायद्याला हे कळलेलं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने 'सादरकर्ता' कोण याची व्याख्या आली. नट, गायक, वादक, नर्तक, कसरत करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा, सगळे एका ओळीत. आमच्या काही सहकाऱ्यांना गारुड्याशेजारी बसणं अपमानाचं वाटलं. आम्हाला ती ओळ फार न्यायाची वाटते. कायद्यापुढे तो वक्ता आणि तो तारपावादक एकाच पायरीवर. सादरीकरणाचं चित्रण करायला त्याची संमती लागते. २०१२च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून आपलं नाव लावून घेण्याचाही हक्क मिळाला. हे हक्क पन्नास वर्षं चालतात. म्हणजे पथकाचं चित्रण उद्या कंपनीच्या जाहिरातीत दिसलं, तर पथकाला विचारायला जागा आहे. संमती देताना कागदावर काय लिहिलं, यावर बरंच अवलंबून. आणि इथे तर कागदच नसतो.

तेव्हा डहाणू-तलासरीतल्या पथकांना, आणि इथे बसलेल्या त्यांच्या शिकलेल्या मुलांना आमचं सांगणं साधं आहे. एक कागद करा. त्यावर प्रत्येकाचं नाव, किती वेळ वाजवायचं, पैसे किती आणि निम्मे आधी, जेवण कधी, चित्रण करायचं असेल तर कशासाठी. निवेदकाला वक्त्याच्या परिचयाची चिठ्ठी देतात, तशी तुमचीही द्या. फेर ओळीत उभा करायचा नाही, असंही लिहून टाका. पाहुण्यांना हवं तर त्यांनी फेरात यावं.

वक्त्यांना सांगायचं ते याहून थोडं अवघड आहे. भाषणाआधी कारखाना बघायला मागा, पाळी सुटताना फाटकावर अर्धा तास उभे राहा. आणि करारात शेवटची वीस मिनिटं प्रश्नांसाठी ठेवा, साहेब मंडळी बाहेर चहाला गेलेली असताना. अशी अट घातली तर काही सुपाऱ्या जातील. आमच्या ओळखीच्या एका तरुण वक्त्याने ती घातली. त्याला त्या कंपनीने पुन्हा बोलावलं नाही, पण त्या वीस मिनिटांत एकाने विचारलेला प्रश्न तो अजून सांगतो: "साहेब, तुम्हाला आजचे किती मिळाले?" त्याने आकडा सांगितला. मग सभागृहात बराच वेळ मजुरीवर बोलणं झालं.

आम्हाला आजचे येण्या-जाण्याचे भाडे आणि एक नारळ मिळाला आहे. आता प्रश्न घेऊ. माईक आधी मागच्या रांगेत द्या.