शस्त्रक्रियेतील प्रतिजैविकांची मात्रा : राष्ट्रीय मार्गदर्शिकेचे चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना :
शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक द्यावे, याविषयी फारसे दुमत नाही. ते केव्हा, किती व किती काळ द्यावे, हा खरा प्रश्न आहे. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०१६ मध्ये प्रतिजैविकांच्या वापराविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातील शस्त्रक्रियाविषयक भागाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मार्गदर्शिकेची भूमिका :
छेद घेण्यापूर्वी एका तासाच्या आत एकच मात्रा द्यावी आणि शस्त्रक्रिया संपल्यावर औषध थांबवावे, असे ही मार्गदर्शिका सांगते. हृदय व छातीच्या शस्त्रक्रियांना ४८ तासांपर्यंत सवलत आहे. ही भूमिका शास्त्रसंमत आहे. क्लासेन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये २,८४७ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, छेदापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांमध्ये संसर्गाचे प्रमाण सर्वांत कमी होते. छेदाच्या क्षणी औषध ऊतींमध्ये पुरेशा प्रमाणात असावे लागते. ती वेळ चुकल्यास नंतरच्या गोळ्या उणीव भरून काढत नाहीत. औषधांना न जुमानणारे जंतू मात्र वाढतात.

मर्यादा :
पहिली मर्यादा तपशिलाची. शस्त्रक्रिया लांबल्यास औषधानुसार दुसऱ्या मात्रेचा विचार करावा, असा मोघम नियम येथे आहे. याउलट अमेरिकेतील चार व्यावसायिक संस्थांच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत सेफाझोलिन २ ग्रॅम, १२० किलो वा अधिक वजनास ३ ग्रॅम आणि ४ तासांनी पुन्हा मात्रा, असे स्पष्ट आकडे आहेत.

दुसरी मर्यादा साधनांची. स्थानिक जंतूंच्या नोंदींवरून औषध निवडावे, ही अपेक्षा १९५६ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’सारख्या अध्यापन रुग्णालयाकडून ठेवता येते. दौलताबादसारख्या गावातील रुग्ण ज्या लहान रुग्णालयात जातो, तेथे सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळाच नसेल तर नोंदी कोठून येणार?

तिसरी मर्यादा भाषेची, आणि तीच अधिक गंभीर आहे. इंग्रजीतील ही मार्गदर्शिका केवळ डॉक्टरांशी बोलते. ‘डोस अर्धवट सोडू नका’ हे रुग्णाच्या मनावर ठसलेले वाक्य झालेल्या संसर्गाच्या उपचारास लागू पडते, प्रतिबंधास नव्हे. हा भेद न समजल्याने गोळ्या न मिळणे त्याला हेळसांड वाटू शकते.

निष्कर्ष :
सारांश, मार्गदर्शिकेचा नियम योग्य आहे, परंतु तो अर्ध्या वाटेवर थांबतो. मात्रेचे तास नेमके सांगणे, लहान रुग्णालयांना जिल्ह्याच्या नोंदी पुरवणे आणि ‘प्रतिबंधाची मात्रा शस्त्रक्रियेपूर्वी दिली आहे’ असे मराठीतून सुटीच्या कार्डावर लिहिणे आवश्यक आहे.