आकृतीतून गळलेला टप्पा

पाठ्यपुस्तकांतील ‘डीएनए–आरएनए–प्रथिन’ ही आकृती सुटसुटीत खरी, पण अपुरी आहे. आपल्या पेशींत नुकताच तयार झालेला आरएनए हा कच्चा खर्डा असतो. केंद्रकातच त्याला टोपी व शेपूट जोडली जाते, मधले ‘इंट्रॉन’ कापून उरलेले भाग सांधले जातात (हे १९७७ मध्ये उघड झाले) आणि प्रथिनांनी वेष्टित होऊन तो बाहेर पडतो. भारतात बीटा-थॅलॅसेमियाच्या रुग्णांत सर्वाधिक आढळणारा जनुकदोष इंट्रॉनमधल्या एकाच अक्षराचा आहे. प्रथिनाचा मजकूर शाबूत असूनही सांधा चुकतो व हिमोग्लोबिन कमी पडते. वरील आकृतीवरून विद्यार्थ्यांना हे कसे उमगणार? तेव्हा फळ्यावर दोन आरएनए काढावेत: एक कच्चा, एक पक्का.